गुरुजींची स्मरणिका काढताय? मग घरापासून सुरुवात करू नका

ठाण्यात नौपाड्याला, गोखले रस्त्याच्या आतल्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गणपती मंडळांच्या स्मरणिका ही रोजची कामं. मधूनच एखादं कुटुंब गेलेल्या माणसावर पुस्तिका करायला येतं, आणि तो माणूस बहुतेकदा शिक्षक असतो. निवृत्त मास्तर, बालवाडीच्या बाई, रात्रशाळेचे सर. नोकरीइतकीच गावाची कामं केलेली माणसं. मुलगा नाहीतर सून पिशवीतून पासपोर्ट साइज फोटो काढते, दोन पानी मॅटर पुढे ठेवते आणि म्हणते, "ताई, तेराव्याला हवंय."

तेराव्याला छापू नका, हे मी धंद्याचं नुकसान करून सांगते. बारा दिवसांत जमतात ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे श्रद्धांजलीचे मेसेज, आणि ते सगळे एकाच माणसाने लिहिल्यासारखे असतात. त्या दिवसापुरतं फोटो आणि तारखांचं एक कार्ड भरपूर झालं. पुस्तिका वर्षश्राद्धाच्या सुमारास काढा. ५ सप्टेंबरही चांगला, बाई असतील तर ३ जानेवारी, सावित्रीबाईंचा जन्मदिवस. त्या दिवशी शाळेकडे हॉल मागणं सोपं जातं. पितृपक्षात मात्र प्रकाशन ठेवू नका. हे श्रद्धेपोटी सांगत नाही, रिकाम्या खुर्च्या पाहिल्यात म्हणून सांगते.

वर्ष हातात आलं की ते कशात घालवायचं, यासाठी हा लेख. उदाहरण नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणातल्या एका गुरुजींचं देते. नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. मुलीकडे नोकरीतून वेळ नव्हता आणि मला हौस होती, म्हणून त्या पुस्तिकेचं मॅटर गोळा करण्यापासून सगळं मीच केलं. ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरवरून वाशी लोकल पकडायची, ऐरोली, रबाळे, मग घणसोली. शनिवार दुपार त्यात जायची.

मुलीने लिहून आणलेलं मॅटर असं होतं: शिस्तप्रिय, मनमिळाऊ, अजातशत्रू, परोपकारी. मी विचारलं, "परोपकारी म्हणजे काय करायचे?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "खरं सांगू का, बाबा घरी जेवायला यायचे, ते पण कुणालातरी बरोबर घेऊन. ते काय करायचे ते आम्हाला कुठे माहीत!"

गावासाठी राबलेला माणूस घरच्यांच्या वाट्याला सगळ्यात कमी आलेला असतो. त्याचं आयुष्य दुसऱ्यांच्या कपाटांत, शाळेच्या रजिस्टरांत, मंडळाच्या इतिवृत्तात पडून असतं. म्हणून क्रम उलटा धरा: आधी कागद, मग गाव, मग विद्यार्थी, आणि घरची माणसं सगळ्यात शेवटी. घरच्यांना हे आधी चमत्कारिक वाटतं, थोडं लागतंही. पण शेवटी का, ते पुढे येईलच.

कागदपत्रं

सरकारी शाळेतल्या शिक्षकाचं सेवापुस्तक मिळालं तर निम्मा सांगाडा उभा राहतो. पेन्शनच्या फाइलमध्ये बऱ्याचदा त्याची झेरॉक्स असते. पत्र्याच्या ट्रंकेत, एलआयसीच्या पावत्यांखाली शोधा. पहिल्या पानावर जन्मतारीख, शिक्षण, उंची आणि 'ओळखीची खूण' लिहिलेली असते. पुढच्या पानांवर नेमणूक, बदल्या, वेतनवाढी, रजा, प्रशिक्षणं. आपल्या गुरुजींची पहिली नेमणूक शहापूर तालुक्यात होती, घणसोलीच्या कितीतरी आधी. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. त्या एका ओळीवरून मुलीने तिथल्या शाळेत फोन केला, आणि चौथीतल्या मुलांसोबतचा त्यांचा एक ग्रुप फोटो हाती आला. मुलं अनवाणी, गुरुजी पांढऱ्या पायजम्यात, मिशी जेमतेम फुटलेली.

जन्मतारखेला सावध राहा. आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा जन्म कागदोपत्री १ जूनचा आहे. शाळा जूनमध्ये भरायची, आईबापांना तारीख आठवत नसायची, मग हेडमास्तर वय अंदाजाने धरून १ जून टाकायचे. गुरुजींची तारीख तीच, आणि पुढे त्यांनी स्वतः गावातल्या पोरांना उदार हाताने वाटली तीही तीच. घरी मात्र आई सांगायची की आखाडात, धो धो पावसात जन्मला. पुस्तिकेत दोन्ही द्या: 'शाळेच्या दाखल्यानुसार १ जून, आईच्या आठवणीनुसार आषाढ.' लोकांना ते वाचताना हसू येतं, कारण प्रत्येकाच्या घरात असा एक १ जून असतो.

याच तारखेमुळे आणखी एक गोंधळ होतो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे १ जून १९४४ चा जन्म आणि ५८ व्या वर्षी निवृत्ती असेल तर तारीख येते ३१ मे २००२. घरचे हमखास 'जून २००२' सांगतात. निरोपसमारंभाचा फोटो जूनचा असू शकतो, कारण मेमध्ये शाळेला सुट्टी. आदेश बघा, फोटोवर जाऊ नका.

शाळेत गेलात तर मुख्याध्यापकांना जनरल रजिस्टरपेक्षा शेरेबुक मागा. जनरल रजिस्टरमध्ये विद्यार्थ्यांची जात, जन्मतारीख, पालक अशा खासगी नोंदी असतात, त्या छापायच्या नसतात आणि आपल्याला लागतही नाहीत. शेरेबुकात तपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनी काय लिहिलं ते मिळतं. 'पाढे पाठांतर समाधानकारक, हस्ताक्षराकडे लक्ष द्यावे, शौचालयाचे दार नाही.' अशा तीन ओळी शाळेचं जे चित्र उभं करतात ते तीन पानी आठवणीतून उभं राहत नाही. शाळा जिल्हा परिषदेची होती आणि नंतर महापालिकेकडे गेली, तर जुनी दप्तरं कुठे आहेत हे शाळेच्या जुन्या शिपायाला विचारा. साहेबांना विचारून काही हाती लागत नाही.

मंडळाचं इतिवृत्त, पतपेढीच्या सभेची वही, हरिनाम सप्ताहाचा जमाखर्च, देवळाच्या जीर्णोद्धाराची पावतीपुस्तकं हेही चाळा. गावात अक्षर चांगलं असलेला माणूस शिक्षक, त्यामुळे वही कुणाचीही असो, लिहिलेली गुरुजींनी असते. एका जमाखर्चात खालची ओळ होती: 'शिल्लक चार आणे, खिशातून दिले, मागू नये.' हे वाक्य आम्ही त्यांच्याच अक्षरात स्कॅन करून मलपृष्ठावर घेतलं.

साल कसं काढायचं

म्हाताऱ्या माणसाला "कुठल्या साली?" विचारलं की तो घाबरतो आणि काहीतरी सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा खुंट्या ठोका. दुष्काळाच्या आधी की नंतर, म्हणजे १९७२. वाशीचा खाडीपूल झाला होता का, म्हणजे १९७३. गिरण्यांचा संप चालू होता का, तो जानेवारी १९८२ ला सुरू झाला. नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्धच्या शेतकरी आंदोलनात जासईचा गोळीबार झाला तेव्हा, म्हणजे जानेवारी १९८४. या पट्ट्यातला कुठलाही प्रकल्पग्रस्त ते साल विसरत नाही. नवी मुंबई महापालिका आणि वाशीपर्यंतची लोकल, दोन्ही १९९२. पल्स पोलिओचे डोस सुरू झाले ते १९९५. आणि सगळ्यात अलीकडची खुंटी २६ जुलै २००५. बायकांकडे याहून पक्की मोजपट्टी असते: कोणतं मूल पोटात होतं, कुणाचं लग्न झालं होतं. त्यावरून काढलेलं साल मी डोळे मिटून घेते.

भिंतीवर एक लांब कागद लावून वर्षं लिहा आणि मिळेल ती नोंद तिथे टाका. कुठे आठ-दहा वर्षं कोरी राहिली तर तिथेच काहीतरी दडलंय असं समजा. आपल्या गुरुजींच्या कागदावर १९७० नंतरची काही वर्षं शाळा सोडून काहीच नव्हतं. तिथे जे निघालं तेच पुस्तिकेचं सगळ्यात मोलाचं पान झालं.

गावात

"गुरुजी कसे होते?" हा प्रश्न विचारू नका. उत्तर ठरलेलं: "देवमाणूस." पुढे काही येत नाही. "तुमच्याकडे यायचे तर कुठे बसायचे?" "तुम्ही त्यांच्याकडे काय काम घेऊन गेला होतात?" "कशाला नाही म्हणाले?" "तुमचं त्यांच्याशी कधी वाजलं का?" असे प्रश्न माणसाला जागेवर नेऊन बसवतात. एकाच ओट्यावर पाच जणांना एकत्र बसवलंत तर सगळे पहिल्याचीच री ओढतात, तेव्हा एकेकाला गाठा. पुरुष घरात असताना बाई चहाच करत राहते. बायकांकडे दुपारी दोन ते चार या वेळात जा.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करताना एअरप्लेन मोड लावा, नाहीतर नेमक्या वाक्याला गॅसवाल्याचा फोन येतो. पंखा बंद करायला सांगायचा संकोच करू नका. आधी परवानगी घ्या, आणि सुरुवातीलाच माणसाचं नाव, गाव, तारीख मोठ्याने बोला. फाइलला 'न्यू रेकॉर्डिंग ७' असं नाव ठेवलंत तर सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही कोण बोलतंय.

आता ते पान. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात जाऊ लागल्या. घरोघर नोटिसा आल्या, त्या वाचणारं कुणी नव्हतं. पोस्टमन नोटीस द्यायचा आणि लोक तीच घेऊन शाळेत यायचे, एवढं बरेच जण सांगत होते. पण गुरुजी करायचे काय, हे एका ऐंशीच्या पुढच्या आजोबांनी दाखवलं. आत गेले, प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद आणला. विशेष भूसंपादन अधिकाऱ्याच्या नावे केलेल्या अर्जाची कार्बन प्रत. निळी शाई उडत आलेली, घड्यांवर कागद फाटलेला. मजकूर चार ओळींचा: मोबदल्याची रक्कम मी हरकत राखून घेतली आहे, सबब वाढीव मोबदल्यासाठी माझे प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवावे. खाली आजोबांचा अंगठा, शेजारी 'निशाणी डावा अंगठा', त्याखाली साक्षीदार म्हणून गुरुजींची सही.

'हरकत राखून' या दोन शब्दांची किंमत मला तेव्हा माहीत नव्हती. ओळखीच्या वकिलांना विचारलं. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम १८ खाली वाढीव मोबदला मागता यायचा, पण पैसे घेताना हरकत नोंदवलेली नसेल तर तो हक्कच जायचा. म्हणजे ज्याने मुकाट्याने अंगठा लावला, त्याचं दार बंद. मुदतही ठरलेली. गुरुजींनी हे कुठून शिकून घेतलं कोण जाणे, पण त्या अक्षरातले, त्याच चार ओळींचे कागद पुढे आणखी घरांतून निघत गेले. आजोबा म्हणाले ते आम्ही जसंच्या तसं छापलं: "माना वाचता येत नव्हता. गुरुजी बोलले, पैसं घे, पन ह्ये लिवल्याबिगर अंगठा लावू नको."

अशी वाक्यं प्रमाण भाषेत 'दुरुस्त' करू नका. आगरी बोलणारा माणूस आगरीतच आठवतो. मात्र बोलीचं लेखन आपल्या कानाने करायचं नाही. त्याच गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाकडून तपासून घ्यायचं आणि ज्याचं त्याला वाचून दाखवायचं. कागद छापताना सर्व्हे नंबर, रक्कम आणि नावं झाकून टाका. जमिनीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, आपल्या पुस्तिकेमुळे कुणाच्या भाऊबंदकीत तेल पडायला नको.

आणखी एक. असे मूळ कागद घरी घेऊन येऊ नका. तिथेच, दारातल्या उजेडात, सपाट जागेवर ठेवून मोबाइलने सरळ वरून फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून. फारच गरज पडली तर वहीत लिहून, सही करून न्या आणि छपाईला जायच्या आत परत करा.

विद्यार्थी

विद्यार्थ्यांकडून मॅटर मागवणं सगळ्यात सोपं आणि निवडणं सगळ्यात अवघड. 'चंदनाप्रमाणे झिजले', 'ज्ञानाचा अथांग सागर', 'दीपस्तंभ', 'वटवृक्ष', 'त्यांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी'. हे शब्द मी इतक्या वेळा टाइप केलेत की बोटं आपोआप चालतात. मी लेखकाला फोन करून एकच विचारते: "हे वाक्य दुसऱ्या कुठल्या सरांबद्दल चाललं असतं का?" बहुतेक जण हसतात आणि नवीन काहीतरी सांगतात, तेच लिहून घ्यायचं. तीनशे शब्दांची मर्यादा आधीच सांगा. साहेब झालेले विद्यार्थी स्वतःची पदं सांगण्यातच दोन पानं खर्च करतात. पद नावाखाली एका ओळीत द्या आणि बाकी कापा. राग येतो, पण छापून आलं की विसरतात.

नापास झालेल्यांनाही शोधा. गुरुजींचा एक विद्यार्थी स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो. त्याने सांगितलं, पाढे चुकले म्हणून गुरुजींनी उन्हात उभं केलं, त्या दिवसापासून शाळा सोडली ती सोडली. नंतर कितीतरी वर्षं गुरुजी त्याच्याच रिक्षाने जायचे. "भाडं घ्यायचो. गुरुजी सुट्टे पैसे मोजून द्यायचे. बोलायचो नाय." मुलीला हे पुस्तिकेत नको होतं. आमचं त्यावरून दोन-तीनदा बोलणं झालं. मी म्हटलं, छडीचा उल्लेखच नसेल तर त्या काळातल्या मास्तरांना ओळखणारा कुणीही बाकीच्या चांगल्या गोष्टींवर विश्वास ठेवणार नाही. शेवटी तिने होकार दिला, आणि आम्ही नियम ठरवला: स्वतःच्या बाबतीत घडलेलं, स्वतःच्या नावाने सांगायला तयार असाल तर कडू गोष्टही जाईल, ऐकीव एकही जाणार नाही. तुमच्या पुस्तिकेलाही हाच नियम लावा. ऐकीव चांगल्या गोष्टींनाही लावा, कारण अतिशयोक्ती तिथेच शिरते.

प्रौढ शिक्षणाच्या वर्गातल्या बायका सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत. राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ ला सुरू झाला, त्यानंतर गावोगाव देवळात, समाजमंदिरात रात्री वर्ग भरत. तुमचे गुरुजी किंवा बाई तिथे शिकवत असतील तर त्या विद्यार्थिनी आता सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना आधी गाठा. घणसोलीतल्या एका आजींनी मासळीच्या हिशोबाची वही दाखवली. आधीच्या पानांवर नुसत्या रेघा, मग एका पानापासून आकडे. खाली सही, प्रत्येक पानावर, गरज नसताना.

आता घरी

इतकं सगळं जमलं की ते घेऊन घरी जायचं. गुरुजींच्या पत्नी, गावात सगळे त्यांना माई म्हणतात, पहिल्या भेटीत मला म्हणाल्या होत्या, "मी काय सांगणार, त्यांचं त्यांना माहीत." शेवटच्या भेटीत मी काही विचारलंच नाही. रात्रीच्या वर्गातल्या बायकांची नावं वाचून दाखवली. पाचव्या-सहाव्या नावाला माई म्हणाल्या, "ही चहात साखर जास्त घ्यायची." मग सुटल्याच. वर्ग सुटला की सगळ्या चहाला घरी. दूध उधारीचं. वर्गातला कंदील घरच्या रेशनच्या रॉकेलवर चालायचा, म्हणून महिनाअखेर स्टोव्ह बंद आणि चुलीवर स्वयंपाक. नोटिसांचे अर्ज लिहायला लागणारे कार्बन पेपर माईंनी शिलाईच्या पैशातून आणलेले. "ते गावाचं करायचे, मी त्यांचं करायचे. तुमच्या पुस्तकात कुणाचं लिहिताय?"

घरच्यांना शेवटी गाठायचं ते यासाठी. रिकाम्या हाताने गेलात तर 'फार प्रेमळ होते' एवढंच मिळतं. बाहेरून गोळा केलेलं पुढे मांडलं की घरचे त्यात चुका काढतात, भर घालतात, आणि त्या समाजकार्याचं बिल कुणी भरलं ते कळतं. माईंची चार पानं आम्ही मधोमध घातली. समाजकार्य करणाऱ्या कुठल्याही माणसावरची पुस्तिका अशा पानांशिवाय काढू नये, असं माझं ठाम मत आहे. बाईंवर काढत असाल तर त्यांच्या सासूला, नवऱ्याला, शेजारणीला हेच विचारा: त्या सभेला गेल्या की मुलांना कोण बघायचं?

छापखान्याच्या गोष्टी

नावाआधी काय लावायचं ते घरच्यांना विचारा. सरसकट 'कै.' ठोकू नका. वारकरी घरात 'वै.' (वैकुंठवासी) लावतात, बौद्ध कुटुंबात 'कालकथित'. काहींना काहीच नको असतं.

मॅटर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडल्या की नुसता कचरा दिसतो, आणि दहा वर्षांनी कुणाला पुन्हा छापायचं असेल तर सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. मोबाइलवर बोलून टाइप केलेलं चालेल, पण गावांची आणि माणसांची नावं डोळ्यांत तेल घालून तपासा. प्रूफ तीन वेगळ्या माणसांना द्या, त्यातला एक गावातला हवा. बाकी काहीही चुकलेलं लोक सोडून देतात, स्वतःचं आडनाव चुकलेलं सोडत नाहीत.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं लिहा, नाहीतर ते बारीक होऊन येतात आणि छपाईत फुटतात. लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधून जुने फोटो ओढून काढू नका, वरचा थर निघून येतो. पानासकट स्कॅन होतात. ग्रुप फोटोची मोठी झेरॉक्स काढून प्रत्येक डोक्यावर नंबर टाका आणि ती गावभर फिरवा. नावं लागत जातात, भांडणंही लागतात, पण तीही ऐकण्यासारखी असतात.

आकार डेमी ठेवा, साडेपाच बाय साडेआठ इंच. हातात मावतो, पिशवीत जातो. पानांची संख्या चारच्या पटीत. ४८ ते ६४ पानांपर्यंत सेंटर पिन छान बसते, त्यापुढे परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठीला गोंद लावून बांधणी करा. आतला कागद मॅपलिथो, म्हणजे साधा न चकाकणारा घ्या. सगळी पुस्तिका आर्ट पेपरवर काढायचा मोह होतो, पण ट्यूबलाइटखाली तो चकाकतो आणि वाचणारे सगळे चष्मेवाले. फोटोंपुरती आठ पानं आर्ट पेपरची मध्ये घाला. टाइप १३ पॉइंटच्या खाली नेऊ नका. दोनशे-अडीचशे प्रती असतील तर डिजिटल, पाचशेच्या पुढे ऑफसेट परवडतं.

जाहिराती घेऊ नका. 'शुभेच्छुक' म्हणून हात जोडलेला फोटो गुरुजींच्या फोटोहून मोठा येतो आणि मग माझ्यासारखीला तो लहान करता येत नाही. माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढा, शेवटच्या पानावर नावं द्या, आकडे देऊ नका.

प्रती कुठे द्यायच्या

शाळेच्या ग्रंथालयात दोन, गावच्या वाचनालयात दोन. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे पत्रासोबत एक प्रत द्या आणि पोच घ्या. ज्यांनी कागद दाखवले, आठवणी सांगितल्या त्यांना प्रकाशनाची वाट न बघता आधी घरी नेऊन द्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांचं पान वाचून दाखवून या. रेकॉर्डिंगच्या फाइली दोन पेनड्राइव्हवर घालून एक घरच्यांना, एक शाळेला. कार्यक्रमातली भाषणं तीनच ठेवा. रिक्षावाला आला तर त्याला बोलायचा आग्रह करू नका. आमचा आला होता, मागे उभा राहिला, प्रत घेतली आणि गेला.

प्रकाशनाच्या टेबलावर एक जाड वही ठेवायला विसरू नका, वर 'दुरुस्ती आणि भर' लिहून. पुस्तिका हातात पडली की लोकांना हटकून नवीन आठवतं: ती सहल वज्रेश्वरीला नव्हती, टिटवाळ्याला होती; त्या अर्जाचा कागद आमच्याकडेही आहे. हे सगळं पुढे पीडीएफमध्ये घालता येतं. फक्त वहीत मोबाइल नंबराचा रकाना आखून ठेवा, नाहीतर 'गुरुजींचा एक विद्यार्थी' एवढीच सही करून लोक निघून जातात.